बिल्ला नसलेली कॉन्फरन्स

"आजी, आमचा कॉन्फरन्स बदलला," नात फोनवर म्हणाली. आवाज रडवेला होता. आणि मी काय केलं? "आमचा नाही गं, आमची," म्हणाले. "आमची कॉन्फरन्स बदलली." व्याकरण दुरुस्त केलं आणि रडायला काय झालं ते विचारायचं राहून गेलं. पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

नात एडिनबराला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही दोघं म्हातारे बर्मिंगहॅमला. आता शेवटच्या वर्षाची मुलगी कॉन्फरन्स म्हणते म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? हॉल, माइक, पाण्याची छोटी बाटली, छातीवर नावाचा बिल्ला आणि दुपारी लंच. त्यातून ती म्हणाली, "आता फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला पण यायला लागणार." झालं. दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही दहाबारा लोक कुणाच्या तरी घरी जमतो, वंदना होते, चहा होतो. तिथे मी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "नात येतेय बरं का. कॉन्फरन्सला."

"विषय काय आहे ताई?" आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. बँकेतून रिटायर झालेला, फार सरळ माणूस.

"फिजिओथेरपी," मी ठोकून दिलं.

खोटं बोलायचं नव्हतं मला. मला वाटलंच तसं. पण कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तर तयार असतं, ही माझी जुनी खोड. ही खोड मुळात जिची, तिच्याबद्दलही सांगते. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी मी याच मंडळाची सेक्रेटरी होते. साडीवर ब्लेझर, हातात फाइल, फाइलमध्ये बहुतेक वेळा नुसते कोरे कागद. तिला मी मनात सेक्रेटरीबाई म्हणते. आज रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

खरा प्रकार कळला तो ह्यांच्यामुळे. हे म्हणजे आमचे मिस्टर, चाळीस वर्षं इंजिनिअर होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं मॅन्युअल वाचल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी नातीच्या खेळाचं पान कॉम्प्युटरवर उघडलं आणि मला हाक मारली.

"अगं, ही कॉन्फरन्स म्हणजे तुझी ती लंचवाली नव्हे. हा फुटबॉलचा गट आहे. गटातले संघ आपापसात मॅच खेळतात, त्याला म्हणतात कॉन्फरन्स."

"मग गट म्हणायला काय होतं?"

"अमेरिकेतून आलाय खेळ. त्यांचे शब्द."

नात तो अमेरिकन फुटबॉल खेळते हे मला माहीत होतं, पण जितकं आजीला माहीत असावं तितकंच. हेल्मेट, खांद्यावर उशा बांधल्यासारखे पॅड, आणि दोन्हीकडे टोकं असलेला लांबट बॉल. तो बॉल हातात घेऊन एक जण पळतो आणि बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. मुलामुलींचा मिळून संघ. नातीचं काम एकच, जमिनीवर उभा धरलेला बॉल लाथेनं उडवून दोन उंच खांबांच्या मधून पार करायचा. म्हणजे अख्ख्या संघात पायानं बॉल मारणारी ही एकटी. बाकीचे काय खेळतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, फुटबॉल मात्र हीच खेळते. शिवाय ती क्लबची सेक्रेटरी. हे ऐकल्यावर मला खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं.

ह्यांनी पुढचं समजावलं. इतकी वर्षं नातीचा संघ जवळच्या चार युनिव्हर्सिट्यांशी खेळायचा. रविवारी सकाळी निघायचं, खेळायचं, रात्री घरी येऊन जेवायचं. मग ही स्पर्धा चालवणाऱ्या लीगवाल्यांच्या डोक्यात आलं की मोठ्या संघांचा एकच गट करावा, म्हणजे मॅच इंटरनेटवर दाखवता येतील, स्पॉन्सर मिळेल. अमेरिकेतल्या बड्या कॉलेजांनी टीव्हीच्या पैशासाठी जुने शेजारी सोडले आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कॉलेजांशी गट बांधले, त्याचीच ही नक्कल. "फरक एवढाच," हे म्हणाले, "तिकडे विमानं आहेत आणि इकडे वर्गणी काढून केलेली बस."

मग मी नातीला फोन लावला आणि या वेळी व्याकरण गिळून ऐकलं.

जाहिरात झाली, स्पॉन्सर काही आला नाही. गट मात्र बदलून गेले होते. जवळचे चार शेजारी वेगवेगळ्या गटांत फेकले गेले आणि नातीच्या संघाच्या वाट्याला पाच-पाच, सहा-सहा तासांचे प्रवास आले. मॅच रविवारी. सोमवारी सकाळी आठला तिचं हॉस्पिटलमधलं प्लेसमेंट, म्हणजे कोर्समधलंच पेशंटवरचं काम, तिथे उशीर चालत नाही. संघातल्या निम्म्यांची हीच रड, कुणाची लॅब, कुणाची शिफ्ट. त्यात नियम असा की ठरावीक संख्येपेक्षा कमी खेळाडू आले तर मॅच सोडली असं धरतात. सुरुवातीलाच एकदा त्यांना पुरेसे खेळाडू जमले नाहीत, एक मॅच सुटली. दुसरी सुटली की संघ वर्षभरासाठी बाद.

"आणि पुढच्या वर्षी मी नसणार, आजी. माझ्या हातून क्लब बंद झाला तर? तीस वर्ष जुनी क्लब आहे."

तीस वर्षं जुना क्लब, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

"त्या बर्मिंगहॅमच्या मॅचला माणसं पुरतील का?"

"बरोबर जेवढे लागतात तेवढे आहेत. एकाला जरी सर्दी झाली तर संपला."

मी म्हटलं, आदल्या रात्री सगळ्यांना आपल्याकडे झोपायला घेऊन ये, म्हणजे पहाटेचा प्रवास वाचेल. हे शेजारी बसून ऐकत होते. "अगं, ती मुलं बघितलीस का? एकेक जण म्हणजे दरवाजा आहे. आपल्या हॉलमध्ये तीस दरवाजे कुठे ठेवणार?" तिनंच नको म्हटलं. पहाटे पाचला निघू, म्हणाली. आणि मॅच दोनऐवजी बाराला ठेवायची विनंती केली आहे, म्हणजे सोमवारच्या आधी थोडं झोपायला मिळेल. यजमान संघानं हो म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र राहिली. मंडळाला कोण सांगणार? रोज उद्या सांगू म्हणत मी तो विषय ढकलला. मला वाटलं विसरले असतील. आमच्या लोकांना तारीख विसरता येत नाही हे मी विसरले.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आम्ही दोघं साडेअकराला मैदानावर पोचलो तर कार पार्कमध्ये अध्यक्ष उभे. सूट, टाय, चकचकीत काळे बूट, हातात फुलांचा गुच्छ. मागे त्यांच्या मिसेस रेशमी साडीत, आणि आमच्यातली ती नर्स, जी तीस वर्षं हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात आहे. अजून तिघंचौघं. पत्ता ह्यांनी दिला होता. अध्यक्षांनी विचारला आणि ह्यांनी दिला, अगदी पोस्टकोडसकट, तो कशासाठी हवाय हे न विचारता.

"जय भीम ताई. हॉल कुठल्या बाजूला?"

समोर चिखल. चिखलात हेल्मेट घातलेली मुलं एकमेकांना धडका देऊन अंग गरम करत होती. मी तेव्हा सांगितलं. सगळं, एका दमात. अध्यक्ष ऐकत राहिले. मग त्यांनी बुटांकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे भाषण नाही?"

"लंच?" त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

नर्स इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. पण कुणी परत गेलं नाही, हे सांगायला हवं. आलोच आहोत तर पोरीला बघून जाऊ, म्हणाले.

नात धावत आली. गालाला काळी पट्टी, डोळे पाच तासांच्या बसनं सुजलेले. "आजी, सगळे आले! मोजले मी, दोनदा मोजले. एक पण कमी नाही." गुच्छ पाहून गोंधळली. "हे कोणासाठी?"

"तुझ्या भाषणासाठी," मी म्हटलं. "मग सांगते."

बारा वाजले. मॅच सुरू होईना. सव्वाबारा. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. साडेबाराला कळलं की अँब्युलन्स आलेली नाही, आणि या खेळात अँब्युलन्सची माणसं मैदानावर नसतील तर शिट्टी वाजत नाही. नियम चांगलाच आहे, त्या धडका बघून मीच म्हटलं असतं. पण पूर्वी यजमान संघ आपला आपण अँब्युलन्सवाल्यांना सांगायचा. नव्या कॉन्फरन्समध्ये ते काम लीगच्या मोठ्या ऑफिसकडे गेलं. दोनची मॅच बाराला झाली हे नातीनं त्या ऑफिसला तीनदा कळवलं होतं. ऑफिसनं अँब्युलन्सला कळवलं नाही. आणि ऑफिस रविवारी बंद. ज्यांच्या सगळ्या मॅच रविवारी, त्यांचं ऑफिस रविवारी बंद!

आमची नर्स साडी सावरत चिखलातून पंचाकडे गेली. मी मागोमाग. इमर्जन्सीत काम करते, ओळखपत्र आहे, मी उभी राहते, असं तिनं सांगितलं. पंच नम्र होता बिचारा. म्हणाला, "मॅडम, तुमचं बुकिंग आहे का?"

ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "माणूस पडायच्या आधी बुकिंग करतो काय हो?"

अँब्युलन्स तिच्या वेळेला आली, बरोबर पावणेदोनला. माणसं हसतमुख, वेळेआधी आलो म्हणून खूश. पण मॅच बाराला घेतल्यामुळे तीनपासून मैदान दुसऱ्या संघाला दिलेलं. एवढ्या वेळात मॅच होत नाही. पंचानं दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि निकाल सांगितला. नियमांच्या पुस्तकात अँब्युलन्स आणणं अजून यजमानांचीच जबाबदारी, म्हणून यजमान हरले. एडिनबराचा संघ जिंकला.

एकही बॉल न खेळता.

नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हेल्मेट काखेत. "आजी, आम्ही जिंकलो." मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली, ते मी लिहिणार नाही. "पाच तास बसून आलो. जिंकलो. आता पाच तास बसून जाऊ. सगळ्यांनी वर्गणी दिली, त्या उंच मुलानं त्याची शिफ्ट सोडली, पगार गेला त्याचा. आणि ह्या पोरांनी काय वाईट केलं? ते का हरले?" यजमान संघातली मुलं खरंच तिथेच बसली होती, चिखलात, पॅड न काढता. दोन्ही संघांची तोंडं सारखीच. कोण जिंकलं ते कुणाला सांगता आलं नसतं.

"एक तरी मार," मी म्हटलं. "मी काय रोज येणार आहे?"

पंचानं मान डोलावली. कप्तानानं बॉल जमिनीवर उभा धरला, नातीनं चार पावलं मागे घेतली, धावली आणि मारला. बॉल खांबावर ठण्णकन आपटून बाहेर. आमच्या मंडळानं जोरात टाळ्या वाजवल्या.

"खांबाला लागला म्हणजे जास्त मार्क असतील," अध्यक्ष ह्यांना म्हणाले.

दुसरा बॉल मधून गेला. इतका उंच, इतका सरळ, की समोरच्या संघातलीही दोनतीन मुलं उठून उभी राहिली. तेव्हा मात्र आमच्याकडून कुणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे मान वर करून बघत राहिले होते.

बस निघायला वेळ होता. नात माझ्याशेजारी आमच्या गाडीत पाय बाहेर काढून बसली आणि बूट आपटून चिखल झाडायला लागली. "अजून असे तीन आहेत," म्हणाली. "तीन ट्रिप. कसं करायचं? एक जरी सोडली तर क्लब गेला. आजी, तू पण सेक्रेटरी होतीस ना? तू काय केली असती?"

मला विनोद करून सुटता आलं असतं. सुटतेही मी बहुतेक वेळा.

मी तिला सेक्रेटरीबाईची गोष्ट सांगितली. आमची एप्रिलची जयंती तेव्हा बर्मिंगहॅमलाच व्हायची, कम्युनिटी सेंटरच्या छोट्या हॉलमध्ये. गळकं छप्पर, पन्नाससाठ माणसं, मुलांची भाषणं, बायकांनी घरून आणलेलं जेवण. मग लंडनच्या मंडळींनी सुचवलं, सगळ्यांनी मिळून तिकडेच, लंडनमधल्या ईलिंगला एकच मोठा कार्यक्रम करू. मोठा हॉल, मोठे पाहुणे, पेपरात फोटो. त्यासाठी त्यांनी कॉन्फरन्स बोलावली आणि बर्मिंगहॅमकडून मी गेले. त्यांनी मला बिल्ला दिला. वर लिहिलेलं, "डेलिगेट, मिडलँड्स," म्हणजे आमच्या अख्ख्या भागाची प्रतिनिधी. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तरी मी तो येताना ट्रेनमध्ये काढला नाही. बर्मिंगहॅमला उतरून घरच्या बसमध्ये बसले तरी छातीवर तोच. ड्रायव्हर मला तिकीट तपासायला आलेली समजला.

"पहिल्या वर्षी आमची बस भरून गेली," मी म्हटलं. "दुसऱ्या वर्षी अर्धी. मुलांना उलट्या व्हायच्या, म्हाताऱ्यांना तेवढा वेळ बसवेना, रविवारी कुणाची ड्यूटी असायची. तिसऱ्या वर्षी एक कार गेली. तोवर आमच्या हॉलची ती तारीख दुसऱ्यांनी घेतली होती. आमच्यात एक म्हातारी होती, चहाचं सगळं तीच बघायची. ती मला म्हणाली, 'बाई, मी आता कुठे जाऊ?'"

"मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, 'आजी, आता आपण मोठे झालोय.'"

नातीनं बुटाच्या तळाला चिकटलेला चिखलाचा गोळा काढून फेकला. "पण त्या मीटिंगमध्ये तुला माहीत नव्हता, असं होणार?"

"माहीत होतं गं. लंडनचा तो बसचा प्रवास मी दोनदा केला होता. मला पक्कं माहीत होतं की लहान मुलं आणि म्हातारी येणार नाहीत. पण हात वर करा म्हटले, मी केला. टाळ्या वाजवा म्हटले, वाजवल्या." आणि मग जे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं ते म्हटलं, "बिल्ला फार छान होता."

ती हसली, पण थोडीच. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. जाताना तिनं गुच्छ घेतला आणि बसमध्ये पुढच्या काचेशी नेऊन ठेवला.

परतीच्या वाटेवर तिनं बसमध्ये सगळ्या संघाचं मत घेतलं. दुसऱ्या दिवशी प्लेसमेंटहून सुटल्यावर तिचा फोन आला. "लेटर लिहिला. वाचते, ऐक." नव्या गटातून आमचा संघ आपणहून बाहेर पडतो आहे, उरलेले तीन प्रवास करणार नाही, जुन्या शेजाऱ्यांशी रविवारी आपसात मॅच ठेवू. याचा अर्थ नंबर नाही, कप नाही, गुणांच्या टेबलात नावसुद्धा नाही. बाद होण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, पण बाहेर म्हणजे बाहेरच. तिचं हे शेवटचं वर्ष. कपाटात ठेवायला तिच्याकडे काही राहणार नव्हतं आणि हे वाचताना तिचा आवाज दोनदा थांबला.

मी फक्त दोन जागी हात लावला. "मोठ्या खेदानं" काढायला लावलं. "नम्र विनंती" काढायला लावली. "सेक्रेटरीबाईनं तिच्या आयुष्यात पुरेशा नम्र विनंत्या केल्यात," मी म्हटलं, "तुझ्या वाट्याच्यापण."

शेजाऱ्यांपैकी दोघे लगेच तयार झाले. तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. चौथा म्हणाला आम्ही मोठ्या गटातच राहणार, आमचं बरं चाललंय. हे मला फार झोंबलं, कारण त्या चौथ्याचा चेहरा मी चांगला ओळखते. तरी मार्चमध्ये तीन मॅच झाल्या. सकाळी निघून संध्याकाळी घरी. संख्या भरपूर, दोन नवीन पहिल्या वर्षाची मुलं आली. नातीनं मला फोटो पाठवला, त्यात ती जेवायच्या टेबलाशी बसली आहे आणि खिडकीत अजून उजेड आहे. क्लब आहे, एवढंच. कुठे आहे ते गुणांच्या टेबलात शोधलंत तर सापडणार नाही.

लीगच्या ऑफिसचं उत्तर यायला सहा आठवडे लागले. पत्र मिळालं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे वगैरे वगैरे. आणि असे बरेच संघ बाहेर पडले असल्यानं गटांचा फेरविचार करण्यासाठी एक कॉन्फरन्स भरवण्यात येत आहे. आपला एक प्रतिनिधी पाठवावा. जेवणाची व्यवस्था आहे.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"बर्मिंगहॅमला. आणि आजी, बिल्ला पण आहे. मी विचारला त्यांना, खास तुझ्यासाठी."

"मग जाणार तू?"

"जाणार. बिल्ला घेणार, लंच खाणार. टाळी वाजवणार नाही."

या वेळी मी तिचं काहीही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच, वाक्य बरोबर होतं.

त्या महिन्याच्या रविवारी मी चहाचा कप खाली ठेवला आणि मंडळाला सांगितलं, नात येतेय, कॉन्फरन्सला, खऱ्या, हॉलमध्ये. नर्सनं तोंडावर पदर घेतला. अध्यक्षांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"ताई, बूट कुठले घालून येऊ?"